तिथीची पाऊणपट

हर्णैच्या मच्छीमार सोसायटीतला सर्व्हर
दिवसातून दोनदा मुका होतो,
वीसेक मिनिटांनी आपसूक बोलू लागतो.
केबल बदलली, स्विच बदलला.
पिंग लावून रात्रभर बसले:
उत्तर, उत्तर, उत्तर,
मग नुसतीच वाट.

वहीत वेळा मांडल्या:
परवा सव्वादोन. काल तीन. आज पावणेचार.

लिलावाच्या पावत्यांसाठी खोळंबलेले
हुसेनचाचा होडेकर वहीत डोकावले.
"आज पंचमी. तिथीची पाऊणपट कर, पोरी.
ही तर भरती."

जेटीखाली गुडघाभर पाण्यात
जोडपेटी उघडली.
तांब्यावर हिरवं फूल,
बोट जिभेला लावलं: खारट.

पेटी दोन हात वर घेतली.
"तीन घे," चाचा वरून म्हणाले,
"पुनवेचं उधाण तू कुठं पाहिलंयस?"