जांभळं पडायच्या आधी

निफाडची शेवटची द्राक्षं टाकीत घालून
मी चैत्रात मोचेमाडला उतरले.
एक सॅक, मोज्यात गुंडाळलेला हायड्रोमीटर,
आणि नेमणुकीचं पत्र,
ज्यात बोरस्तेचं बोरकर झालेलं.
"रवांदे," रोहिदास म्हणाले, "हय सगळे करच."

गोठा होता, त्याची वायनरी केली आहे.
गव्हाणी तशाच. त्यांत आता बाटल्या आडव्या.
अबकारी खात्याचा परवाना गणपतीशेजारी,
त्यालाही रोज एक जास्वंद.
दोन टाक्या, कुठल्याशा बंद पडलेल्या डेअरीच्या;
खारा वारा त्यांचे क्लॅम्प थोडे थोडे खातो.

मागे बारा जांभळी.
फळं हिरवी, एखादं कडेने गुलाबी.
झाडाखाली बांधायच्या जुन्या साड्या
वहिनी उन्हाकडे धरून बघते,
कुठे विरली, कुठे ठिगळ लागेल.
"पंधरा दिवस," ती म्हणते. "वाघळांनी ठेवली तर."

सतरा वर्षं इथली वाइन सगुणकाकांनी केली.
साखर किती, आंबट किती, सगळं नाकावर.
त्यांच्या वहीत आकडे नाहीत.
"आज पिकल्या फणसासारखो."
"आज बोलण्यासारख्या काय नाय."
एका पानावर नुसतं: "सुधारलो."
गेल्या श्रावणापासून पानं कोरी.

मी मागच्या हंगामाची बाटली उघडली.
बूच पुरतं निघायच्या आत कळलं:
व्हिनेगर. सरळ, टोचणारं,
मिरच्या मुरवाव्यात असं.
काकांनी ग्लास नाकाशी नेला, पुष्कळ वेळ धरला,
माझ्या चेहऱ्याकडे बघत.
"बेस आसा."
मी म्हणाले, हो.
कामाच्या बाबतीत मी खोटं बोलत नाही.
पहिल्याच दिवशी बोलले.

रात्री गोठ्यात दिवा दिसला.
बोंडूच्या रसाचा निळा ड्रम अजून आंबत होता
आणि काका त्याला कान लावून उभे,
भिंतीपलीकडचं भांडण ऐकावं तसे.
वळले नाहीत.
"श्रावणात ताप इलो.
तेच्यापासून माका वास येणा नाय.
फणसाचो नाय, माशाचो नाय.
घरात कोणाक म्हायत नाय."
मग बराच वेळ काहीच नाही, मग,
"अजून दोन रोज बोलतलो हो. मगे गप."

मी हायड्रोमीटर सोडला.
बुडाला, वर आला, डुलत स्थिर झाला.
दोन दिवस. फार तर अडीच.
आकडा मी त्यांना सांगितला नाही.
त्यांनीही विचारला नाही.

विचारलं ते हे: "कसो येता?"
मी वाकले.
डोक्यात पदविकेचे शब्द गोळा झाले,
पीच, लिची, नवं चामडं;
यांतलं काही इथे पिकत नाही.
"गोणपाट," मी म्हणाले. "ओलं."
"भाताचा काय काजीचा?"
भाताच्या आणि काजूच्या गोणपाटाचा वास वेगळा असतो
हे मला अठ्ठाविसाव्या वर्षी विचारलं जात होतं.
पुन्हा वाकले. डोळे मिटले.
"काजूचं. आणि कुणीतरी जवळच विळा घासलाय."
"मगे बरोबर," ते म्हणाले,
आणि पहिल्यांदा खाली बसले,
गव्हाणीच्या काठावर, बाटल्या सांभाळून.

तेवढ्यात पत्र्यावर काहीतरी पडलं. एवढंसं.
मला वाटलं, पाल.
"इला," काका म्हणाले.

सगळ्यांच्या हिशेबात अजून पंधरा दिवस होते.
मी टॉर्च घेऊन मागे गेले.
पत्र्यावरून घरंगळून ते पन्हळीखाली पडलेलं,
अर्धं वाघळाने नेलेलं, बी उघडी.
उरलेलं मी ओढणीला पुसलं
आणि तोंडात टाकलं.
जीभ जागच्या जागी आवळली.

परत आले तर ते दारात उभे,
उजवा कान माझ्याकडे करून.
"सांग," म्हणाले.