हातचा एक

पहिल्या दिवशी आयली रिंटामाकीनं
लेबलं वाचायची बंदूक माझ्या हातात दिली नि म्हणाली,
इथं शब्द कमी लागतात,
अक्षरं जास्त.

एसकेयू म्हणजे वस्तूचं खरं नाव.
लोणी, काडेपेटी, मासे धरायचा गळ
ही नुसती टोपणनावं, घरात हाक मारायची.
ओओएस म्हणजे संपलं, पण संपलं म्हणायचं नाही.
एलपी म्हणजे ओडेल. तो बघ,
मोज्यांच्या रांगेत गिऱ्हाइकासारखा उभा,
तीन वर्षं तोच एक मोजा उलटापालटा करतोय.

थंडर बेमध्ये फेब्रुवारी होता.
सरोवर धान्याच्या कोठारांपर्यंत गोठलेलं.
लोक बुटांतून बर्फ आणत
आणि तिसऱ्या रांगेत त्याचं पाणी होई.
त्यालाही कोड होता, माइकवर पुकारायचा.
हरवलेल्या मुलालाही होता.
सापडलेल्याला नव्हता.

रात्री दहानंतर फेसिंग.
मागचे डबे पुढे ओढायचे,
चित्राचं तोंड गिऱ्हाइकाकडे.
एकेरी ओळ, पण दिसायला भिंत.
बडा घर पोकळ वासा:
टोमॅटो सूपच्या मागे खांद्यापर्यंत हात घातला
की गार पत्रा लागायचा.

दुधाच्या फ्रीजमध्ये फिफो.
आधी आलं ते आधी बाहेर,
नवं मागे, जुनं पुढे.
तिचे हात हे न बघता करत,
सव्वीस वर्षं, उजव्या मनगटाला पट्टा बांधून.

श्रिंक हा शब्द मला आवडायचा.
चोरी, सड, उंदीर, मोजणारा पेंगला,
सगळं त्यात आटून जायचं.
वर्षाला दीड टक्का.
दीडच्या आत असेल तर कुणी घेतलं
ते विचारायचं नाही.

मार्चमध्ये हेड ऑफिसची बाई आली,
नवी अक्षरं घेऊन. एफटीई.
पूर्ण वेळ राबणारा माणूस म्हणजे एक.
आयली एक होती.
नव्या तक्त्यात ती झाली शून्य दशांश चार.
उरलेली दशांश सहा मी कुठे ठेवू, तिनं विचारलं.
ब्रॉडी म्हणाला, हा प्रश्न
आपल्या स्टोअरच्या पातळीवरचा नाही.

महिनाभर तिनं दशांश चार होऊन पाहिलं.
मग एका शुक्रवारी सगळ्यांसाठी
पर्शियनचा खोका आणला,
अंगठ्यावरचं गुलाबी आयसिंग पुसत म्हणाली,
"फिफो."
आम्ही हसलो.
हसायला नको होतं.

त्या संध्याकाळी तिच्या कोटातून
एक दांडा डोकावत होता:
सौनाच्या तापल्या दगडांवर पाणी ओतायचा पळा,
भूर्जाच्या लाकडाचा,
एकोणीस डॉलर नव्याण्णव सेंट.
दारातला भोंगा वाजला नाही,
लाकडाला टॅग नसतो.
ओडेलनं मोजा उलटा केला
आणि त्याच्या शिवणीकडे फार वेळ पाहिलं.

आता वर्षअखेरची मोजणी.
बंदूक मी पट्टीवर धरतो:
पळा, भूर्ज. ऑन-हँड एक.
वर रिकामी आकडी, तिच्यावर धूळ.
नियम असा, की शून्य टाकायचं
आणि खाली कारणाचा कोड.
कारणं सतरा आहेत.
मी सगळी वाचली, दोनदा.

मागे डेल्फीन उभी, कालच लागलेली,
बॅजवर अजून प्लास्टिक.
इथं तर काहीच नाही, ती म्हणते,
मग हा एक कसला?

शाळेत बेरीज केली असशील ना,
मी म्हणतो, आणि बंदूक पुढच्या पट्टीवर नेतो.
हातचा आहे.
पुढच्या घरात मिळवायचा.