दोन काठांचे पैसे

स्नेक नदीच्या अलीकडे निसा, ऑरेगॉन.
पलीकडे पार्माची वाट, आयडाहो.
मध्ये पूल. ट्रकनं गेलं तर एक मिनिटही पुष्कळ.
वेंडेल नोगामीच्या दोन शेड, दोन्हीकडे कांदा तोच,
पिवळा, मुठीत न मावणारा,
आणि दोन्हींचे हिशेब लिहिणारी मी एकटी,
माइते, मेंढपाळाची नात, हिरव्या शाईची.

इकडच्या भिंतीवर राज्याचा तक्ता आहे,
कॉफीच्या यंत्राशेजारी, डोळे बारीक करून वाचावा असा.
चार तासांमागे दहा मिनिटं विश्रांती, पगारी.
सहा तास भरले तर जेवायला अर्धा तास.
तक्ता तिकडच्याही भिंतीवर आहे.
त्यात ही दहा मिनिटं शोधून सापडत नाहीत.

इग्नासिया बालदेरास कांदे निवडते.
फेब्रुवारीत तिला आठवडाभर पलीकडे पाठवलं.
परत आली ती थेट माझ्या खिडकीशी:
"माझी दहा मिनिटं पुलावरून पडली का गं?"
मी हसले. ती हसली नाही.
तक्त्यापाशी गेली आणि नियमावर बोट ठेवलं,
खरोखरचं बोट, रसानं तपकिरी झालेलं.

नोगामी वाईट माणूस नाही, हेही लिहून ठेवते.
त्याच्या आजोबांना युद्धात छावणीतून इथे आणलं होतं,
बीट खुरपायला. तंबूत राहिले.
तंबूला कुठला आलाय तक्ता.
हे तो वर्षातून एकदा सांगतो,
आणि उरलेलं वर्ष विचारतो,
"माइते, हे द्यावंच लागतं का?"
इकडे लागतं.
"आणि तिकडे?"
तिकडे तुमची मर्जी.
मग तो खिडकीतून पुलाकडे बघतो,
दोन दुकानांतले भाव ताडून बघावेत तसा.

मार्चात माल संपत आला.
इग्नासियाला काढलं, गुरुवारी, पलीकडच्या शेडवरून.
इकडून काढलं असतं तर दुसऱ्या दिवशीच
सगळा पगार हातात.
तिकडे पुढचा पगाराचा दिवस,
नाहीतर दहा दिवस, शनिवार-रविवार सोडून.
"खोलीचं भाडं सोमवारी आहे," ती म्हणाली,
नुसती माहिती द्यावी तशी.

माझा पगार नोगामी देतो.
आणि मला ठाऊक होतं, तिकडच्या कायद्यात एक ओळ आहे,
भिंतीवर नाही, पुस्तकात, आत:
कामगारानं लेखी मागितलं
तर अठ्ठेचाळीस तास, सुट्टीचे वार वगळून.
तिकडचा कायदा मुका नाही.
विचारल्याशिवाय बोलत नाही, एवढंच.

मी काहीच बोलले नाही.
कोरा कागद सरकवला, वर पेन ठेवलं.
"काय लिहू?"
"तुला जे हवंय ते. तारीख घाल. वेळही घाल."
तिनं स्पॅनिशमध्ये दोन ओळी लिहिल्या
आणि सही करताना कागद डाव्या हातानं असा दाबून धरला
जणू वारा होता खोलीत.

नोगामीनं तो दोनदा वाचला.
मग शाई बघितली.
या इमारतीत हिरवं पेन एकच.
बाहेर पट्ट्यावर कांदे घरंगळत राहिले.
"कधीपर्यंत?"
"सोमवारी, दुपारी तीन वाजून दहा मिनिटं."
त्यानं चेक तिथेच फाडला.
"पोस्टाचं तिकीट तरी वाचेल," म्हणाला.
ती माया होती की हिशेब, मला अजून कळलेलं नाही,
आणि माझ्या वहीत त्याला रकाना नाही.

जुलैत इकडचा नवा तक्ता आला,
किमान वेतनाचा आकडा बदलून.
जुना उतरवला. दहा मिनिटांच्या ओळीवर तपकिरी डाग.
टाकवला नाही, खणात आहे.
पलीकडे मात्र मी तक्त्याखाली एक चिठ्ठी डकवली,
हिरव्या शाईत, दोन भाषांत, एकच ओळ.
नोगामी रोज तिच्यासमोरून जातो.
काढ, असं अजून म्हणालेला नाही.
एकदा फक्त थांबला, चष्मा वर केला, म्हणाला,
अक्षर जरा मोठं काढ.