बुटाला गवताचा दोर

निघताना आत्यानं विचारलं,
"डोंगरवर काय शे, व माय?
गवत ते आपला बांधवर बी शे."
मी बुटाची नाडी बांधत होते. बोलले नाही.
बूट नवे. मंगळ बाजारातले,
साडेआठशेचे साडेसहाशेला पाडलेले.

नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर
मी एकवीस वर्षं हिशोब लिहिते:
ओली इतकी, वाळून इतकी, घट इतकी.
त्यामुळे तोरणमाळच्या घाटातही वळणं मोजत बसले.
सातव्यानंतर पोटानंच वही मिटली.

वर पोचलो, आणि जमीन पुन्हा सपाट.
हे मला कुणी सांगितलंच नव्हतं,
की एवढं चढून गेल्यावर
माथ्यावर एक माळ पसरलेला असतो,
आमच्या शिवारासारखाच, फक्त कुणाच्या सातबाऱ्यावर असेल असं वाटत नाही.
ऑक्टोबरचं गवत, कंबरेला लागणारं.
तूप कढताना कडेला जो रंग धरतो
तो त्याच्या शेंड्यांना.
वारा आला की सगळं एकदम एका बाजूला वळायचं,
जशी पंगत वळते
जिलबीवाला दिसला की.

मी श्वास घेतला.
आणि घेतच राहिले.
ठसका लागू नये म्हणून
इतकी वर्षं मी अर्धाच घेत होते,
हे त्या दिवशी कळलं, बेचाळिसाव्या वर्षी,
प्रफुल्लसरांची शिट्टी कानाशी वाजत असताना.

सरांकडे सगळ्याचा तक्ता होता.
अकराला तलावाला फेरी, दोनला दोरावरून कडा उतरणे,
संध्याकाळी तंबू. कडा उतरणाऱ्यांत मी नाव दिलं,
खोडलं,
पुन्हा दिलं.

बाराच्या सुमारास उजव्या बुटाचा तळ सुटला.
पाऊल टाकलं की टाळी.
सगळे हसले, मीही.
सरांनी ट्यूब काढली, चिकटवलं,
पण गवतात अजून दव होतं.
दहा पावलांवर पुन्हा टाळी.

तिथं रुमलीबाई गवत कापत होती.
वाट दाखवणाऱ्या जामसिंगची आई, माझ्याच वयाची.
तिनं बुटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
आणि विळा खाली ठेवला.
मूठभर गवत घेऊन मांडीवर तळव्यानं वळत गेली,
वळताना तुटेल असं मला वाटत राहिलं,
तिला नाही.

पावरीत काहीतरी म्हणाली.
जामसिंग म्हणाला, "विचारते, काय न्यायला आलात?
सीताफळं अजून कच्ची आहेत."
"काही नाही. चालायला."
त्यानं सांगितलं. तिनं पुन्हा विचारलं,
मुलाला मराठी नीट येत नाही असं वाटलं असावं.
त्यानं पुन्हा तेच सांगितलं.
मग तिनं शेजारची जागा हातानं झाडली.
हे जामसिंगला सांगावं लागलं नाही.

बसले. बारा मिनिटं? वीस?
घड्याळ पिशवीत होतं.
ती दोर वळत होती, मी टोक धरून होते.
खाली कुठंतरी दरीत
कुणीतरी गाईला हाका मारत होतं,
आणि हाक दोनदा वर येत होती,
एकदा त्याची, एकदा कड्याची.

दुपारी कडा उतरले. मधे एकदा पाय सटकला,
कंबरेला नायलॉनचा दोर होता, जाड, निळा, कंपनीचा.
मी मात्र पूर्ण वेळ
पायातल्या पिवळ्या दोराकडे बघत होते.

तो शहाद्याच्या स्टँडपर्यंत टिकला.
बसच्या पायरीवर टिकला.
घराच्या ओट्यावर मी तो सोडवला,
तेव्हा गाठ नखांनी काढावी लागली.
मंगळवारी पथारीवरच्या काट्यावर ठेवून पाहिला.
काटा हलला नाही.
घट कुठल्या रकान्यात लिहायची, सुचलं नाही.

आत्यानं तो दोन्ही हातांनी ताणला,
एकदा, मग जोर लावून आणखी एकदा.
"कोन्ही वया हाऊ दोर?"
मी नाव सांगितलं.
"पक्का शे," म्हणाली,
आणि मागच्या दारी
शेळीनं मोडलेलं फाटक
त्यानं बांधून टाकलं.