सौ

हजार विड्यांना लागते सहाशे ग्रॅम पत्ती.
कारखान्यातून मिळते पाचशे.
तरी संध्याकाळी हजारच मोजून घेतात,
वर चेकर मूठभर बाजूला टाकतो. छाट.
का, ते विचारायचं नसतं.
सव्वीस वर्षं मी विचारलं नाही.

जूनमध्ये तांबोळी मॅडमना कागद आला.
मंगळवार-शुक्रवार यायच्या त्या, स्कूटीवरून,
आमच्या विडी घरकुलच्या शाळेत,
तिथून नीलम नगर, तिथून कुंभारी.
कंत्राट संपलं. निधी नाही.
त्यांच्या सेहेचाळीस मुलांचं काय, ते कागदात नव्हतं.
मुख्याध्यापकांकडून मी दोनदा वाचून घेतला.
दुसऱ्यांदाही नव्हतं.

सौजन्याची बोटं जन्मापासून आवळलेली.
पेन्सिल निसटायची.
मॅडमनी माझ्याच सुपातला विडीचा दोरा मागून घेतला,
गुंडाळून पेन्सिल जाड केली,
वर फाटक्या टॉवेलची चिंधी.
तेव्हा धरली तिनं.
नऊ महिन्यांत स.
मग काना, मग दोन मात्रा,
एक मात्रा दर वेळी फरशीवर जायची.
सौ.
ज सुट्टीनंतर घेऊ, म्हणाल्या होत्या मॅडम,
आणि न्या सगळ्यात शेवटी,
त्यात अर्धा न आहे,
त्याला एकट्याला उभं राहता येत नाही, घाई नको.

जिल्हा परिषदेत आम्ही सातजणी गेलो, पोरांसकट.
साहेब दुसऱ्या मजल्यावर. लिफ्टला कुलूप.
अंबव्वाचा रवितेज अकरा वर्षांचा, अंगानं भरलेला,
खुर्चीसकट कोण उचलणार?
शिपाई म्हणाला, मुलं खाली ठेवा, बायका वर या.
ठेवा म्हणाला.
रझियाबी म्हणाली, त्यांनाच सांग की खाली यायला.
तो हसला.
आम्ही जिन्याखाली बसलो.
आता बसलोच आहे तर दिवस का बुडवा?
सुपं काढली, पत्ती, कात्र्या, तंबाखूची पुडकी.
डोक्यावर पाटी होती: तंबाखूमुक्त कार्यालय.
वास आपला जिन्यानं वर गेला,
त्याला लिफ्ट लागत नाही.

दीड वाजता साहेब तावातावानं उतरले
आणि पोरांकडे बघून शेवटच्या पायरीवर थांबले.
माणूस वाईट नव्हता. अहो-जाहो बोलला.
वरूनच पैसे कमी आलेत, बाई,
दोन तालुक्यांना मिळून एक शिक्षक देऊ,
मोबाइलवर व्हिडिओ पाठवू,
आहे त्यात भागवायचं.

मी म्हटलं, भागवायचं मला शिकवू नका, साहेब.
पत्ती कमी आली की मी पान बारीक कापते,
तंबाखू चिमटीनं कमी भरते, हजार पुरे करते.
पोरीत काय कमी भरू?

पुढं कायद्याचं बोलायचं होतं,
अठरा वर्षांपर्यंतचा हक्क,
मॅडमनी आमच्याकडून पाठ करून घेतलेलं.
घसा कोरडा पडला, मधलाच शब्द गेला.
रझियाबीनं पुरं केलं, तिच्या हिंदीत.
साहेब म्हणाले, अर्ज द्या.

अर्जावर चार सह्या, तीन अंगठे.
सौजन्यानं कागद स्वतःकडे ओढला.
कुणी घाई केली नाही.
कारकून वाकून बघायला लागला.
सौ.? सौ. कोण?
पुढं नवऱ्याचं नाव लिहायला सांगा.

अहो, नऊ वर्षांची आहे ती, मी म्हटलं.
पुढची अक्षरं शिकवायची राहिलीत.

तो काही बोलला नाही.
शिक्का मारला, पोच दिली.
शिक्क्याची कड तिच्या मात्रेवर आली.

रिक्षात विड्या मोजल्या, चारशे दहा.
उरलेल्या रात्री होतील.
मंगळवारी परत बोलावलंय.
सोमवारीच पत्ती भिजत घालायला हवी.