मंद आचेचं क्रियापद

सुडरेन.
व्युत्पत्ती पाहायला गेलं तर कोशकार खांदे उडवतो :
बहुधा ध्वनीवरून.
बहुधा. झाकणाखाली रस्सा पुटपुटतो ते
कुणीतरी ऐकलं असेल.
शेवटचं ते ‘एरेन’ मात्र ओळखीचं.
आमच्या डच भाषेत हे शेपूट लागलं
की क्रिया एकदा होऊन थांबत नाही,
बारीक बारीक होतच राहते.

डेल्फझेलला, बंदरालगतच्या घरात,
शनिवारी आई रॉकेलची शेगडी पेटवायची.
अभ्रकाच्या खिडकीआड ज्योत, निळी, नखाएवढी.
बैलाचं मांस, लोणी, कांदा, तमालपत्र,
दोन लवंगा, व्हिनेगर अंदाजानं.
मग हात पुसून म्हणायची, झालं माझं काम.

खरंच होतं ते.
या क्रियापदाचा कर्ता मांस.
माणसानं फार तर होऊ द्यायचं :
लातेन सुडरेन.
लातेन म्हणजे देणं. सोडणंही.

बाबा गाळ काढणाऱ्या बोटीवर होते.
एका शनिवारी ते आले नाहीत.
पलीकडे एमडेनला राहायला गेले, दुसऱ्या घरी.
रात्री एमडेनचे दिवे
आमच्या मोरीतूनसुद्धा दिसायचे.

काल रात्रशाळेत सेलामावितनं फळ्यावर लिहिलं :
इक हेब हेत खेलातेन सुडरेन.
मी ते शिजू दिलं आहे.
चूक. अशी दोन क्रियापदं शेजारी आली
की पहिल्यानं भूतकाळाचा कोट घालायचा नाही,
होतं तसंच उभं राहायचं.

“मग खेलातेन गेलं कुठे?”
सोळा तास विमानतळ झाडून आलेली ती,
तिला उत्तर हवंच होतं.
म्हटलं, आहे की. विशेषण होऊन राहतं.
झालं ते पत्करून
गप्प बसलेल्या माणसाला लावतात.

हे नाही सांगितलं की
दफनाच्या दिवशी शेजारच्या हार्मकेनं
आईला नेमकं तेच लावलं होतं.
आणि मी पाहिलेली आई :
रविवारी झाकण उचलून काट्यानं मांस टोचणारी,
धागे सुटलेले असूनही
“अजून नाही” म्हणून झाकण परत ठेवणारी.
टेबलावर तीन ताटं.
अकरा वर्षं.

मी फळ्यापाशी गेलो,
बोटानं फक्त ‘खे’ पुसला.
आईच्या वाक्यात तो कधीच नव्हता.