मफलरखाली

सोळा चौकोन रुंद, चोवीस उंच.
एवढ्या जागेत मला माणूस बसवायचा होता,
तलवारीसकट.
डोळ्यांना दोन चौकोन गेले, केसांना चार ओळी,
नाकाचा नाद मी पहिल्याच दिवशी सोडला.
उरलं तोंड.
एक चौकोन काळा केला की मिशी वाटायची,
लाल केला की रक्त.
शेवटी रात्री अडीचला, हीटर बंद पडलेल्या खोलीत,
स्वतःच्या गळ्याकडे बघून
मी त्याला मफलर गुंडाळला, पार डोळ्यांखालपर्यंत.
निळा, कारण पंधरा रंगांतला तेवढाच शिल्लक होता.
साप्पोरो, जानेवारी, अठ्ठ्याऐंशी साल.
तोंड दाखवायला जागा नव्हती,
अक्षरशः.

तिसऱ्या भागात मफलरला वारा मिळाला.
चौथ्यात मी निळा जरा गडद केला,
तर हाकोदातेच्या एका शाळकरी पोराचं पत्र आलं:
‘तुम्ही त्याला म्हातारा केलंत.’
सहाव्यात तो सपाट राहिला नाही, पाठ-पोट आलं त्याला,
तेव्हा म्हणाले, लाकडी बाहुला.
हल्ली त्या बाहुल्याचीच आठवण काढून
गळा काढतात.

आणि आता अकराव्यात
मफलरच काढला म्हटल्यावर
वादाला तोंड फुटलं.

असाहिकावाच्या एका गृहस्थाने
मागचे दहाही भाग कंपनीला परत धाडले,
आईने विणलेल्या निळ्या मफलरात बांधून.
गेटवरचा पहारेकरी सांगत होता,
दोन दिवस चौकीत डांबराच्या गोळ्यांचा वास होता.
कुणी म्हणालं, ते वडिलांचं सुतक होतं.
कुणी म्हणालं, मौनाची शपथ.
नागोयाच्या एका मुलीने नव्वद पानं लिहून सिद्ध केलं
की तो निळा त्याच्या बुडालेल्या गावच्या समुद्राचा.
मी नव्वदही पानं वाचली.
चांगली होती.
हीटरबद्दल मी ब्र काढला नाही.
देवळात हात जोडून उभ्या असलेल्या माणसाला
दगड कुठल्या खाणीतला, हे कशाला सांगायचं?

नवा दिग्दर्शक घरी आला, नुकिना नावाचा,
चौतिशीचा, झोप नसलेला.
योकानचा डबा पुढे सरकवला, चहा घेतला नाही.
‘कुवाबारा-सान, दोनच ओळी लिहून द्या,
की तुम्हीही तो कधीतरी काढलाच असता.’
बोलताना तो किल्ल्यांशी चाळा करत होता.
किल्ल्यांना माझा माणूस लटकत होता,
सोळा बाय चोवीस,
गळ्यापाशी रंग उडालेला, अंगठ्याने घासून घासून.
मी विचारलं, कितव्या वर्षापासून?
म्हणाला, सात.
आणि मग बराच वेळ आम्ही बर्फ साफ करणाऱ्या गाडीचा
आवाज ऐकत बसलो.

ओळी दिल्या नाहीत. त्या बाजूला नाही, ह्याही नाही.
तो जाताना खेळ ठेवून गेला.

तीन दिवस मी पाकीट उघडलं नाही.
चौथ्या रात्री उघडलं.
त्याच्या जगात आता खरा बर्फ पडतो,
प्रत्येक भुरभूर वेगळी.
पुलावर मी त्याला उभा केला, कॅमेरा फिरवत समोर आणला.
थंडीने फुटलेले ओठ,
डाव्या कोपऱ्याखाली एक जुना व्रण,
श्वासाची वाफ निघतेय, विरतेय.
काम उत्तम. कामातलं मला कळतं.
मी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं.

आणि रिकाम्या खोलीत, मोठ्याने,
माझ्याच तोंडून निघून गेलं:
हे नव्हे.

छत्तीस वर्षं मी समजत होते
की मफलरखाली काहीच नाही.